खेळणं मोडलं, सर्किट शाबूत

बोलक्या खेळण्याचं चाक निखळतं, बदकाची मान तुटते, सेल संपतात आणि खेळणं भंगारात जातं. आतलं सर्किट मात्र अनेकदा ठणठणीत असतं. ई-कचऱ्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूईईई फोरमने २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ७.३ अब्ज इलेक्ट्रॉनिक खेळणी फेकली जातात, म्हणजे माणशी जवळजवळ एक. अशा खेळण्यातून स्पीकर, एलईडी, मोटर काढून ठेवावी, असं सहसा सुचवलं जातं. माझ्या मते तो कमी फायद्याचा मार्ग आहे. सर्किट अखंड ठेवावं आणि त्याचं फक्त बटण बदलावं. तेवढ्याने त्याचं उपकरण होतं.

यावर पहिला आक्षेप चिपचा. सर्किटच्या पट्टीवर, म्हणजे पीसीबीवर, काळ्या इपॉक्सीचा टिपका दिसतो, त्याखाली चिप थेट पट्टीवर चिकटवलेली असते. अगदी स्वस्त खेळण्यांत आवाज कारखान्यातच कायमचा भरलेला असतो, तो पुसून दुसरा घालता येत नाही. मग या बंद पेटीचा उपयोग काय? उपयोग आहे, कारण ती उघडायची गरजच पडत नाही. रबरी बटणाच्या पोटाला कार्बनची काळी टिकली असते. बटण दाबलं की ती पीसीबीवरच्या, एकमेकींत गुंतलेल्या दोन रेषांना जोडते. रेषा जुळल्या एवढंच चिपला कळतं. त्या बोटाने जुळवल्या की आणखी कशाने, हे तिला कळत नाही. बटणाची एक रेषा ग्राउंडला जात असेल, तर बीसी५४७ ट्रान्झिस्टरचा एमिटर तिला आणि कलेक्टर दुसऱ्या रेषेला जोडावा. बेसपासून दहा किलो-ओहमच्या रेझिस्टरमधून एक तार, सेलच्या धन टोकापासून दुसरी तार, अशा दोन तारा गच्चीवरच्या टाकीत हव्या त्या पातळीला सोडाव्यात. पाणी तिथवर चढलं की त्यातल्या क्षारांमुळे क्षीण प्रवाह वाहतो, ट्रान्झिस्टर तो वाढवतो आणि बदक ओरडतं. पंप बंद करायची वेळ झाली हे घरात कळतं. तांब्याची धन तार पाण्यात झिजते, म्हणून टोकांना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावलेले बरे. बटण धन टोकाला जोडणारं असेल तर बीसी५५७ घेऊन जोडणी उलटी करावी लागते. हे आधी मल्टिमीटरने पाहून घ्यावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आवाज मुद्रित करणारं आयएसडी१८२० चिपचं मॉड्यूल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर थोडक्या पैशांत मिळतं, मग जुन्या खेळण्याशी झटापट कशाला? आपल्याच शब्दांतला निरोप हवा असेल तर हे म्हणणं मान्य करायला हवं. बोलता न येणाऱ्या मुलाला एका दाबाने ‘पाणी हवं’ म्हणणारं बटण करून द्यायचं असेल, तर मॉड्यूल विकतच आणावं. त्यात ८ ते २० सेकंदांचा आवाज मावतो आणि वीज गेली तरी टिकतो. वेळ २० सेकंदांपर्यंत ताणली की नमुने सेकंदाला ३,२०० इतकेच उरतात आणि स, श यांतला फरक पुसला जातो. निरोप आठ-दहा सेकंदांचाच ठेवावा. पण मोठं बटण, स्पीकर, सेलचा कप्पा आणि मुलाच्या हाताला सवयीचा झालेला डबा हे सगळं खेळण्यातूनच येतं. विशेष मुलांसाठी तयार मिळणारी अशी उपकरणं महाग असतात, तिथे ही बचत खरी आहे.

एवढ्याने ई-कचऱ्याचा डोंगर हलणार नाही, हेही खरं. त्यासाठी उत्पादकांवर जबाबदारी हवी. भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांनी खेळण्यांनाही यादीत घेतलं आहे. माझा आग्रह शिकण्यासाठी आहे. अरविंद गुप्तांनी पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात टाकाऊतून खेळणी करून विज्ञान शिकवलं. इथे टाकाऊ खेळण्यातून उपकरण करायचं आहे. तयार किटमध्ये कोणती तार कुठे जाते हे छापलेलं असतं, खेळण्यात ते शोधावं लागतं. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज बसतं, कारण तीन सेलच्या साडेचार व्होल्टने झटका बसत नाही. घरातल्या विजेला मात्र हे सर्किट कधीही जोडू नये. काढलेले बटण सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत; लिथियमचा चपटा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजतं.