ध्वनिविकृती आणि तिचे निराकरण

विद्युत-संकेताचा ध्वनी करणारा ध्वनिक्षेपक, म्हणजे लाउडस्पीकर, आणि ध्वनीचा संकेत करणारा ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन, ही दोन्ही साधने मूळ आवाजात थोडाफार फेरफार करतातच. हा फेरफार म्हणजे विकृती. काही कंप्रता दबणे वा उठून येणे ही रेषीय विकृती. इक्वलायझरने ती बरीचशी सुधारते. मुळात नसलेल्या कंप्रता निर्माण होणे ही अरेषीय विकृती. खरी कसोटी हिचीच.

नवरात्रात बडोदा शहरभर गरबा रंगतो, तेव्हा हा दुसरा प्रकार नुसत्या कानांनी पारखता येतो. ढोलाचा ६० हर्ट्झचा ठोका आणि गायिकेचा १,००० हर्ट्झचा सूर एकाच पडद्यातून निघाले, की ९४० आणि १,०६० हर्ट्झचे, कोणीच न गायलेले सूर त्यात मिसळू शकतात. मोठ्या ठोक्याला पडद्यामागचे तारेचे वेटोळे चुंबकाच्या फटीबाहेर सरकते, त्यावरील बल घटते, पडद्याची कडही ताठरते. शिवाय वेटोळे तापते. तांब्याचे तापमान १५० अंश सेल्सिअसने वाढले तर त्याचा रोध सुमारे ६० टक्क्यांनी वाढतो आणि आवाज बसू लागतो.

हॅरल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये ऋण प्रतिभरणाची, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅकची, कल्पना मांडली ती विवर्धकासाठी, म्हणजे ॲम्प्लिफायरसाठी. फिलिप्स कंपनीने १९७० च्या दशकात तेच तत्त्व ध्वनिक्षेपकाला लावले: पडद्याची हालचाल संवेदकाने मोजायची आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची. जर्मनीतील वोल्फगांग क्लिपेल यांची रीत अधिक चतुर आहे. पडद्याच्या वर्तनाचे गणिती प्रतिरूप बांधून संकेतातच आधी उलटी विकृती घालायची, म्हणजे दोन्ही परस्परांना छेदतात. मात्र वेटोळ्याची धाव संपली की कोणतेही गणित चालत नाही. आवाज कमी करणे एवढेच उरते. मंडपातल्या उत्साही मंडळींना हे पटवणे परिपथ रचण्याहून अवघड.

ध्वनिग्राहकाचे दोष बहुधा रेषीय असतात. विद्युतपूर्व काळात ध्वनिग्रहण कर्ण्यातून होई. एके काळी बडोदा दरबारी असलेले अब्दुल करीम खाँ यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका त्याच काळातील. कर्ण्याचा दोष ओळखायचा कसा, याचे उत्तर थॉमस स्टॉकहॅम यांनी १९७० च्या दशकात इटालियन गायक कारूसो यांच्या मुद्रिकांवर शोधले. तेच गीत गाणाऱ्या आधुनिक गायकाच्या मुद्रणाशी तुलना करून त्यांनी कर्ण्याचा गुणधर्म अनुमानाने काढला आणि अंकीय संगणनाने तो वजा केला. कर्ण्याने टिपलेच नव्हते ते सूर मात्र या रीतीनेही परत मिळत नाहीत.