लॅपटॉपची किंमत आणि त्याचे मोल

वस्तू महाग म्हणजे ती टिकाऊ, ही समजूत फार जुनी आहे. तांब्याच्या हंड्यापुरती ती बहुतांशी खरीही होती. कारण हंडा तराजूत घालून पाहता येई. लॅपटॉपचे तसे नाही. काशीमीरा येथील ग्राहक मीरा रोडहून लोकल धरून ग्रँट रोडला उतरो आणि लॅमिंग्टन रोडची दुकाने पालथी घालो, अथवा एप्रिल २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलेल्या अ‍ॅपलच्या दालनात जावो. त्याच्यापुढे लाख-सव्वा लाखाचे यंत्र येते ते बंद पेटीसारखे. मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी साठविलेली पुंजी त्यात एका दिवसात खर्ची पडते. म्हणून हा पैसा नेमका कशासाठी द्यावयाचा, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

लॅपटॉपच्या भागांचे दोन वर्ग कल्पावेत: पुढे बदलता येणारे, आणि न येणारे. पूर्वी रॅम व साठवणुकीची डिस्क ही स्क्रू काढून बदलता येत. आता पुष्कळ पातळ यंत्रांत रॅम मदरबोर्डावर डाख लावून कायमची बसविलेली असते. अ‍ॅपलने २०२० पासून आणलेल्या एम मालिकेत तर ती प्रोसेसरच्या शेजारी एकाच संपुटात असते. ह्यात लाभ नाही असे नव्हे. वेग वाढतो व वीज कमी लागते. परंतु घेताना जे घेतले तेच अखेरपर्यंत. पहिल्या एम मालिकेच्या मॅकबुक एअरमध्ये ८ जीबीऐवजी १६ जीबी रॅम घेण्यास भारतात २०,००० रुपये अधिक पडत. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीने मूळ किंमत न वाढविता १६ जीबी हेच किमान प्रमाण ठरविले. परंतु आधी ८ जीबी घेणाऱ्यास ती वाढविण्याचा मार्ग उरला नाही. सारांश, जे पुढे बदलता येणार नाही तेथे हात आखडू नये. जे बदलता येईल तेथे आज काटकसर केली तरी चालते.

दुसरी गोष्ट प्रोसेसरची. त्याचे नाव पेटीवर ठळक छापलेले असते. परंतु एकाच नावाचा प्रोसेसर एका यंत्रात १५ वॅटवर, तर दुसऱ्यात २८ वॅटवर चालविलेला आढळतो. शरीर पातळ व पंखा लहान असला, की उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर आपली गती आपणच मंद करतो. अर्धा तास जड काम दिल्यावर यंत्र कसे वागते, हे त्याच्या नावापेक्षा अधिक खरे बोलते.

मोठी किंमत म्हणजे निर्दोष घडण, असेही नाही. अ‍ॅपलने २०१५ साली ‘बटरफ्लाय’ नावाचा अतिशय पातळ कळफलक आणला. त्यात धुळीचा कण गेला तरी कळ अडे किंवा एकच अक्षर दोनदा उमटे. जून २०१८ मध्ये कंपनीस विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली. २०१९ च्या अखेरीपासून जुनी रचना परत आली. आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील दाव्यात तिने ५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण लाखाच्या वस्तूसही लागू पडते.

यास्तव दुकानात हातांनी व डोळ्यांनी परीक्षा करावी. झाकण उघडमीट करून बिजागरी घट्ट आहे की सैल, ते पाहावे. कळफलकावर निदान एक परिच्छेद लिहावा. पडद्याचे तेज ‘निट’ ह्या मापाने सांगतात. २५० निटचा पडदा खिडकीजवळ फिका पडतो, ४०० निटचा पुष्कळसा वाचता येतो. अमेरिकन सैन्याच्या ‘मिल-एसटीडी-८१०’ कसोटीचा उल्लेख जाहिरातीत असतो; परंतु तिचे प्रमाणपत्र देणारी कोणतीही अधिकृत संस्था नाही, चाचण्या बहुधा कंपनीच करविते.

शेवटी हिशेब वर्षांवर मांडावा. ६०,००० रुपयांचे यंत्र तीन वर्षे आणि १,२०,००० रुपयांचे सहा वर्षे चालले, तर वर्षाला खर्च सारखाच, २०,००० रुपये. महाग यंत्र चौथ्या वर्षी निकामी झाले, तर तोच खर्च ३०,००० वर जातो. म्हणून बॅटरी व मदरबोर्ड बदलण्याचा खर्च खरेदीपूर्वीच विचारावा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ सुरू केले. तेथे सहभागी कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र मिळते. जो विक्रेता दुरुस्तीचा प्रश्न टाळतो, त्याच्या यंत्राची खरी किंमत फलकावरील आकड्याहून अधिक आहे, असे ग्राहकाने खुशाल समजावे.