पोरगं डाळ खात नाही? मग धपाट्यात घाला!

"आमचं पोरगं डाळीला हात लावत नाही, अंड्याचा वास आला तरी उठून जातं," अशी तक्रार जुळे सोलापुरातल्या कितीतरी माता करतात. मग काळजीपोटी दुकानातून महागड्या पावडरीचा डबा येतो. भगिनींनो, डबा घेण्याआधी त्याच्या पाठीवरचे आकडे वाचा. कित्येक पावडरींत प्रथिनांपेक्षा साखरच जास्त असते.

प्रथिने म्हणजे डॉक्टर ज्याला प्रोटीन म्हणतात ते. मुलाची उंची, हाडामांसाची वाढ, आजाराशी झुंजण्याची ताकद या सगळ्याला ती लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने हवीत. हा आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून पाहा. दीड भाकरीतून ७ ग्रॅम, दोन मोठे चमचे शेंगाचटणीतून ५, पातळ न केलेल्या वाटीभर डाळीतून ६ आणि मूठभर फुटाण्यांतून ६. झाले २४ ग्रॅम!

फक्त भाकरी-चटणीवर मात्र भागत नाही. प्रथिनांतला लायसीन नावाचा घटक ज्वारीत आणि शेंगदाण्यात कमी असतो. तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो. म्हणून भाकरीला कडधान्याची जोड हवीच.

आता हट्टी मुलाचे काय? त्याला नवे पदार्थ वाढून भांडत बसू नका. तो जे आवडीने खातो, त्यातच भर घाला. चार वाट्या ज्वारीच्या पिठात एक वाटी हरभऱ्याचे पीठ घालून धपाटे करा. हुलगे उसळीत आवडत नसतील तर त्याच पिठाच्या शेंगोळ्या करा. सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, बारीक करून खिम्यासारख्या परता. २० ग्रॅम कोरड्या वड्यांत १० ग्रॅम प्रथिने असतात. उकडलेले अंडे नको असेल तर कांदा-मिरची घालून पोळा करा. एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात. खाणाऱ्या घरात चमचा-दोन चमचे सुकटाची चटणीही मोठे काम करते.

जेवणाआधी चहा-बिस्किट देऊ नका, भूक मरते. नवी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा ताटात यावी लागते. थोडेसे वाढा, पण मारून-मुटकून भरवू नका. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. वजन वाढतच नसेल तर अंगणवाडीत किंवा डॉक्टरांना दाखवा.

आपल्या कष्टकरी घरांत स्वस्त मांस हा प्रथिनांचा जुना आधार होता. वाळवलेल्या चान्या अडीअडचणीला उपयोगी पडत. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि तो आधार गेला. शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला, पण जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. म्हणून घरच्या ताटाकडे जास्तच लक्ष द्यावे लागते.

त्या ताटात मुलगा-मुलगी भेद नको. अंडे एकच असेल तर अर्धे-अर्धे करा. आणि माउली, तुमचे काय? ५५ किलो वजनाच्या बाईला रोज ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. दिवसभर विड्या वळायच्या किंवा धुणीभांडी करायची आणि रात्री सगळ्यांचे झाल्यावर तळाच्या पातळ आमटीवर भाकरी मोडायची, हे आता पुरे. पातेल्यातली घट्ट डाळ आधी स्वतःसाठी वाटीभर काढून ठेवा. घर चालवणाऱ्या हातांनाही बळ हवेच की!