टॉप मॉडेलची उतरती किंमत

मोटारगाडीची किंमत ही तिच्या निरनिराळ्या गुणांच्या किमतींची बेरीज असते, हा विचार अर्थशास्त्रात रीतसर मांडला गेला तो मोटारींच्याच निमित्ताने. अमेरिकेत अँड्र्यू कोर्ट यांनी १९३९ साली वजन, अश्वशक्ती आणि पुढच्या-मागच्या आसांमधील अंतर यांच्या आधारे मोटारींच्या किमतींचा निर्देशांक काढून दाखवला आणि झ्वी ग्रिलिखेस यांनी १९६१ मध्ये ती पद्धत, जिला ‘हेडॉनिक’ म्हणजे गुणनिहाय मूल्यमापन असे नाव पडले, पुढे नेली. नव्या गाडीला हा हिशेब बराचसा लागू पडतो. जुन्या गाडीत मात्र बेरजेतील प्रत्येक रक्कम वेगळ्या वेगाने झिजते, आणि काही रकमा तर पहिल्याच मालकाच्या हातात शून्यावर येतात.

युरोपातील ग्राहक बऱ्याच गाड्यांवर हवी ती साधने एकेक करून निवडू शकतो. भारतात ती गठ्ठ्याने मिळतात. मारुतीच्या एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय यांसारख्या श्रेणी हे त्याचे परिचित उदाहरण. त्यामुळे येथे जादा साधनांचे दोन वर्ग पडतात: श्रेणीबरोबर कारखान्यातूनच बसून आलेली, आणि शोरूममध्ये किंवा बाजारात मागाहून बसवलेली. पहिल्या वर्गाची नोंद गाडीच्या मॉडेलच्या नावातच असल्याने त्याचा काही ना काही भाव होतो. सीट कव्हर, क्रोमच्या पट्ट्या, रंगीत दिवे यांचा दुसरा वर्ग मात्र जुन्या गाड्यांचा व्यापारी बहुधा हिशेबातच धरत नाही, कारण ती एकाची हौस असते आणि दुसऱ्याला ती काढून टाकायची असते.

विम्याचा नियम या बाबतीत बाजारापेक्षा उदार आहे. विमा उतरवताना गाडीचे जे मूल्य धरले जाते, म्हणजे आयडीव्ही, ते कंपनीच्या जाहीर विक्री किमतीतून घसारा वजा करून ठरते. चौथे वर्ष संपून पाचवे चालू असताना हा घसारा ५० टक्के असतो, आणि जाहीर किमतीत नसलेल्या, पण विम्यासाठी स्वतंत्रपणे नोंदवलेल्या साधनांनाही तोच दर लागतो. साहजिकच चाळीस हजारांची ध्वनियंत्रणा कागदावर वीस हजारांची उरते. बाजारात तिचे तेवढे पैसे क्वचितच सुटतात.

सीएनजीचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात, जेथे गॅसचे पंप हाताशी आहेत, कंपनीफिटेड सीएनजी गाडीला चांगली मागणी असते; पंप लांब असलेल्या गावी तीच टाकी डिकीतील जागा अडवणारे ओझे ठरते. शिवाय हा पर्याय निवडणारा मालक सहसा भरपूर गाडी चालवणारा असतो, आणि म्हणून मीटरवरचे किलोमीटर कमी दिसले तर व्यापाऱ्याचा संशय बळावतो, जो अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. बाहेरून बसवलेल्या किटच्या बाबतीत पारखी ग्राहक आधी आरसीवरील, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरील, इंधनाचा रकाना पाहतो, मग डिकी उघडून टाकीच्या चाचणीची तारीख वाचतो. ही दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. आरसीत केवळ ‘पेट्रोल’ असेल आणि डिकीत टाकी असेल, तर तो बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध जातो, आणि सौदा कागदपत्रांवरच अडतो.

विकणाऱ्याला गाडीची खरी स्थिती ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, या असमतोलाचे विश्लेषण जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने केले. त्या दृष्टीने पाहता जे साधन जागेवर तपासता येते त्याला भाव आणि ज्याची पुढची दुरुस्ती अदृश्य असते त्याला सूट, अशी विभागणी होते. सनरूफ हे त्याचे नेमके उदाहरण आहे: जाहिरातीत ते गाडीकडे ग्राहक खेचते, पण त्याच्या चौकटीतील पाणी खाली नेणाऱ्या नळ्या तुंबल्या तर पाणी आत झिरपते, म्हणून जाणकार माणूस बटण दाबून पाहण्याआधी छताच्या अस्तरावर पिवळसर डाग शोधतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला शहरी कोंडीमुळे मागणी टिकून आहे; तरी क्लच आणि गिअर यंत्राकरवी बदलणारी स्वस्त एएमटी आणि ड्युअल-क्लच यांच्या दुरुस्तीच्या खर्चात मोठे अंतर असल्याने वॉरंटी संपताच त्यांचे भाव वेगळ्या वाटेने जातात.

काही साधनांचे मोल कायद्यानेच पालटले. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी यंत्रणा, एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झाली. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग सर्व नव्या गाड्यांत येण्यास २०२२ उजाडले. पूर्वी ज्यांच्यासाठी जादा पैसे पडत, त्यांचे असणे आता गृहीत धरले जाते आणि नसणे किमतीतून कापले जाते. काचेवरील काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बंदी घातली, बंपरपुढे बसवलेल्या लोखंडी कठड्याविरुद्ध, म्हणजे बुल-गार्डविरुद्ध, केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाईस सांगितले. अशा गाडीच्या भावातून ग्राहक काढण्याचा खर्च आणि दंडाची धास्ती दोन्ही वजा करतो.

मागाहून बसवलेल्या साधनांना गाडीबरोबर भाव मिळत नाही, म्हणून मुरलेला विक्रेता स्वतः बसवलेली टचस्क्रीन आणि स्पीकर काढून वेगळे विकतो आणि माळ्यावर जपून ठेवलेला कंपनीचा मूळ स्टिरिओ पुन्हा जागेवर बसवतो. वायरिंग कापून जोडलेले नसेल, तर हे काम एखाद्या दुपारी होऊन जाते.