घरगुती ध्वनिकक्षांतील मध्यस्थ

घरच्या एका खोलींत ध्वनिमुद्रण करूं पाहणारा मनुष्य प्रथम मॉनिटर स्पीकरांची जोडी आणतो आणि ती संगणकाच्या हेडफोनच्या भोकाला जोडतो. तंबोरा थांबला कीं मागें घरघर उरते. दोष मात्र बिचाऱ्या स्पीकरांच्या माथीं बसतो. वस्तुतः तेथें ऑडिओ इंटरफेस हवा असतो. संगणकांतील आंकड्यांचें विद्युत्संकेतांत आणि मायक्रोफोनच्या संकेतांचें आंकड्यांत रूपांतर करणारा हा मध्यस्थ होय.

तो घेतांना आधीं त्याची पाठ पाहावी. तेथें पाव इंची ‘बॅलन्स्ड’ जॅक दोन असावेत. अशा केबलच्या दोन तारांतून एकच संकेत परस्परविरुद्ध रूपांत जातो. वाटेंत शिरलेली घरघर दोहोंवर सारखीच बसते, आणि स्पीकर त्या दोहोंमधील फरक तेवढा घेत असल्यामुळें ती बहुधा मावळते. फोकसराइटच्या स्कार्लेट २आय२ मध्यें ही सोय आहे. परंतु स्कार्लेट सोलोच्या पहिल्या दोन आवृत्त्यांस आरसीए जोडण्याच होत्या. जुन्या बाजारांत स्वस्ताई शोधणारा नेमका येथेंच फसतो!

सेकंदास १,९२,००० नमुन्यांच्या जाहिरातीस भुलण्याचें कारण नाहीं. सीडीवर ते ४४,१०० च असतात. घरीं २४ बिट व ४८,००० पुरेसे होतात. कन्डेन्सर मायक्रोफोन वापरावयाचा असेल तर मात्र ४८ व्होल्टांची सोय पाहून घ्यावी. केवळ ऐकणारास तिचें प्रयोजन नाहीं.