परदेशातून पार्सल मागविताना

३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीने देशोदेशींची मदत येताना पाहिली. ती शासनाच्या व संस्थांच्या हातून आली. तिचे कागद आपल्याला पाहावे लागले नाहीत. आज मात्र आपल्यापैकी कितीतरी घरांत मोबाईलवरून लंडनचे पुस्तक किंवा थायलंडची बुद्धमूर्ती थेट मागविली जाते. पैसे आधीच भरलेले असतात, तरी कुरिअरचा माणूस दारात पुन्हा रक्कम मागतो. हा सगळा सरकारी कर असावा, असे समजून आपण ती देऊन टाकतो. ही समजूत अर्धीच खरी आहे.

त्या रकमेत सीमाशुल्क आणि एकात्मिक वस्तू व सेवा कर हा सरकारचा भाग असतो. कंपनी तो आपल्या वतीने आधी भरते आणि त्या सेवेचा आकार वेगळा लावते. त्या आकारावर पुन्हा १८ टक्के वस्तू व सेवा कर चढतो. पुस्तकांचेच उदाहरण घेऊ. जुलै २०१९च्या अर्थसंकल्पाने परदेशी छापील पुस्तकांवर ५ टक्के मूळ सीमाशुल्क बसविले; वस्तू व सेवा कर त्यांच्यावर नाही. शुल्क आकारताना किमतीत वाहतूकखर्च व विमाही धरतात, मात्र हवाई मार्गाच्या मालाला वाहतुकीचा हिस्सा किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरत नाहीत. म्हणजे २,००० रुपयांची पुस्तके फार तर २,४०० रुपयांची धरली जातील आणि, विमा व अधिभार सोडल्यास, शुल्क १२० रुपये होईल. कंपनीचा आकार याहून सहज मोठा असू शकतो. आपल्याला वाचविता येण्याजोगा पैसा आहे तो इथे.

म्हणून मागणी नोंदविण्यापूर्वीच विक्रेत्याला विचारावे, की किमतीत आयात शुल्क धरले आहे काय. व्यापारी भाषेत यास ‘डीडीपी’ म्हणतात. ते धरले असेल, तर दारात वेगळे काही द्यावे लागू नये. कंपनीचा आकार बहुधा प्रत्येक पार्सलमागे असतो. चार मित्रांनी चार पुस्तके एकत्र मागविली, तर तो एकदाच पडतो. घाई नसेल तर टपालाचा मार्ग आम्हांस अधिक पसंत आहे. तिथे सीमाशुल्क पोस्टमन घेतो. खात्याचा स्वतःचा आकार असतो, पण तो अल्प. वेळ मात्र अधिक लागतो.

मूर्तीच्या बाबतीत वजन फसवे ठरते. कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,०००ने भागतात. ५० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरचे खोके अशा हिशेबाने १६ किलोचे ठरते, आतली मूर्ती सहा किलोची का असेना! शिवाय थायलंडमधून बुद्धमूर्ती बाहेर पाठविण्यास तेथील ललित कला विभागाचा परवाना लागतो. तो विक्रेत्याकडे आहे का, हे आधी पाहावे.

परदेशातील आप्तांना ‘भेट’ असे लिहावयास सांगून शुल्क टळत नाही. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९मध्ये बंद झाली. जीवरक्षक औषधे आणि राखी एवढेच तीतून वाचले. किंमत मुद्दाम कमी लिहिली, तर १९६२च्या सीमाशुल्क कायद्यानुसार माल जप्त होऊ शकतो. पार्सलवरील नाव आधार वा पॅनवरील नावाशी जुळले पाहिजे. न जुळल्यास पार्सल अडकते, आणि लांबलेल्या दिवसांचे गोदामभाडेही आपल्याच माथी बसू शकते.

पालकांना विशेष सांगावयाचे ते असे. “तुमचे पार्सल विमानतळावर अडकले आहे, दंड भरा,” असा फोन करून खासगी खात्यात पैसे मागणारा मनुष्य सीमाशुल्क अधिकारी नसतो. नोव्हेंबर २०१९पासून त्या खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो व तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पैसे गेलेच, तर सकाळची वाट न पाहता १९३० या क्रमांकावर त्याच घटकेला कळवावे.