बॅटरी बदलण्याआधी

काही वर्षांपूर्वी माझ्या मोटारसायकलला नऊ महिन्यांत दोन बॅटऱ्या बसल्या. दोन्ही वेळा सकाळी सेल्फ घेईना, दोन्ही वेळा गॅरेजमध्ये 'बॅटरी गेली' असं ऐकलं आणि दोन्ही वेळा पैसे मोजून घरी आलो. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या वायरमनकडे गाडी ढकलत नेली. त्याने दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून इंजिन सुरू केलं, मीटर लावला, ॲक्सिलरेटर पिळला आणि आकडा मला दाखवला. १२.५. "चार्जिंगच येत नाही. तिसरी बसवलीत तरी तीही अशीच जाईल," तो म्हणाला. त्याने ॲल्युमिनियमचा एक छोटा भाग बदलला, माझीच बॅटरी रात्रभर चार्ज करून लावली, आणि ती पुढे तीन वर्षं चालली.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट भेटेल त्याला सांगतो. बॅटरी जाते, पण बरेचदा तिला कोणीतरी घालवलेलं असतं. ते शोधायला शिक्षण लागत नाही. दोनतीनशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा तास पुरतो. आपण क्रमाने जाऊ.

बॅटरीचं काम काय

आपल्या गाडीतली नेहमीची बॅटरी शिसं आणि गंधकाम्ल यांवर चालते. आत सहा कप्पे असतात, त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो, म्हणून सहा मिळून १२.६ व्होल्टच्या आसपास येतात. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. टाकीतल्या पाण्याच्या दाबासारखा.

बॅटरीवर '१२ व्ही ५ एएच' असं लिहिलेलं असतं. एएच म्हणजे अँपिअर-अवर, टाकीत पाणी किती मावतं त्याचं माप. ५ एएचची चांगली बॅटरी अर्धा अँपिअर वीज साधारण दहा तास पुरवते. सेल्फ मात्र त्या काही सेकंदांत कित्येक अँपिअर ओढतो. गाडीतलं सगळ्यात जड काम तेच.

इंजिन सुरू झालं की वीज उलटी वाहू लागते. इंजिनच्या बाजूला तांब्याच्या तारेची कॉइल प्लेट असते, ती वीज तयार करते. तिच्यापुढे आरआर युनिट असतं. ते त्या विजेची दिशा एकसारखी करतं, दाब आटोक्यात ठेवतं आणि बॅटरी भरतं. माझ्या गाडीत बिघडलं होतं ते हेच.

पहिली पायरी: आवाज ऐका

सेल्फचं बटण दाबल्यावर भराभर 'टकटकटक' आवाज आला आणि मीटरचे दिवे मंदावले, तर बॅटरीत दम नाही किंवा तिची जोडणी ढिली आहे. हा आवाज रिलेचा असतो. रिले म्हणजे सेल्फच्या जाड वायरीतली वीज चालू-बंद करणारा स्विच.

एकच ठसठशीत 'टक' आला, दिवे लख्ख राहिले, पण इंजिन फिरलं नाही, तर आधी सेल्फची मोटर आणि तिची वायर तपासावी.

काहीच आवाज नसेल तर फ्यूज, हँडलवरचा लाल स्विच, क्लचचा स्विच आणि साइड स्टँड बघा. बऱ्याच नव्या गाड्या साइड स्टँड खाली असताना किंवा क्लच न दाबता सेल्फ घेतच नाहीत. चांगली बॅटरी बदलली जाण्याचा धोका इथेच जास्त असतो.

सेल्फ घेत नसेल तर बटण धरून ठेवू नका. पाच सेकंद दाबा, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग पुन्हा. सलग दाबलं तर उरलेली वीजही जाते आणि मोटर तापते.

दुसरी पायरी: डोळ्यांनी बघा

सीट किंवा बाजूचं कव्हर काढा. दोन्ही टर्मिनलवर, म्हणजे वायरी जोडण्याच्या टोकांवर, पांढरी-हिरवट भुकटी दिसते का बघा. मोरचुदासारखी दिसणारी ही भुकटी विजेची वाट अडवते. बॅटरी भरलेली असूनही सेल्फ मग मेल्यासारखा वागतो.

वायर बोटाने हलवून बघा. ती जराही फिरली तर नट ढिला आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीत हे हमखास होतं. नट आवळल्यावर गाडी चालू झाली, तर नव्या बॅटरीचे पैसे वाचले.

बॅटरीचा डबा फुगलाय, तडा गेलाय किंवा पाणी झिरपतंय, तर ती वापरू नका. फुगलेली बॅटरी बहुतेक वेळा जास्त चार्जिंगची किंवा उष्णतेची खूण असते. म्हणून नवी बसवण्याआधी चौथी पायरी नक्की करा.

तिसरी पायरी: बसलेला दाब मोजा

गाडी बंद करून तीनचार तास झालेले असावेत. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवा. लाल टोक प्लसला, काळं मायनसला लावा.

१२.६ ते १२.८ आकडा आला तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, आणि १२ च्या खाली रिकामीच धरा. चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकत असेल, तर सहापैकी एक सेल मेलेला असतो. ती बॅटरी परत येत नाही.

नुसत्या या आकड्यावर निकाल देऊ नका. आता मीटर तसाच ठेवून सेल्फ मारा. आकडा क्षणभर पडणारच, पण तो १० च्या आसपास किंवा वर टिकायला हवा. बसल्या जागी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ८ वर आली, तर ती आतून थकली आहे.

चौथी पायरी: चार्जिंग येतं का बघा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची आणि हीच सगळ्यांत जास्त वगळली जाते. इंजिन सुरू करा, मीटर बॅटरीलाच लावून ठेवा आणि ॲक्सिलरेटर थोडा पिळा. आकडा साधारण १३.५ ते १४.५ मध्ये यायला हवा.

तो १३ च्या वर चढलाच नाही, तर बॅटरी भरत नाही. दोष कॉइल प्लेटमध्ये, आरआर युनिटमध्ये किंवा मधल्या सॉकेटमध्ये असू शकतो. जळून तपकिरी झालेलं सॉकेट तर नुसतं बघूनही सापडतं. आकडा १५ च्या वर गेला, तर आरआर युनिट दाब आवरत नाही आणि बॅटरी आतून शिजते आहे.

काही ठिकाणी इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासतात. हे कधीही करू देऊ नका. त्या क्षणी दाब उसळतो आणि आजच्या गाड्यांतलं महागडं कंट्रोल युनिट जळू शकतं.

पाचवी पायरी: गळती शोधा

रात्री चांगली असलेली बॅटरी दोनचार दिवस गाडी उभी राहिल्यावर उतरते का? मग किल्ली बंद असतानाही काहीतरी वीज पीत आहे. नंतर बसवलेला जीपीएस, अलार्म, मोबाइल चार्जर, जादा दिवे हे नेहमीचे संशयित.

हिशेब सोपा आहे. एखादं उपकरण फक्त २० मिलिअँपिअर पीत असेल, तर ५ एएचची बॅटरी २५० तासांत, म्हणजे साधारण साडेदहा दिवसांत रिकामी होते. सेल्फ त्याच्या कितीतरी आधी बंद पडतो. घड्याळासाठी गाडी स्वतः काही मिलिअँपिअर घेते, तेवढं चालतं. बाकीची उपकरणं एकेक काढून फरक बघा.

छोट्या फेऱ्यांनीही बॅटरी हळूहळू उतरते. सेल्फ मारून घर ते भाजी मंडई, तिथून शाळा, पुन्हा घर. खर्च झालेली वीज परत भरायला इंजिनला वेळच मिळत नाही. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइटचा स्विच नसतो, हेडलाइट सतत जळतो. सिग्नलवर मंद चालणाऱ्या इंजिनची बरीच वीज त्यातच जाते. आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा-पाऊण तास गाडी चालवा.

सहावी पायरी: आधी चार्ज करून बघा

उतरलेली बॅटरी म्हणजे मेलेली बॅटरी नव्हे. मात्र ती उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली, तर शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर चढतो. मग ती पूर्ण भरत नाही. म्हणून चार्जिंग लगेच करावं.

चार्जिंगचा प्रवाह एएचच्या एक दशांश ठेवावा. ५ एएचला अर्धा अँपिअर. कारचा मोठा चार्जर लावून तासाभरात भरून देणारे असतात. ती घाई बॅटरीचं आयुष्य खाते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून खोली हवेशीर असावी आणि जवळ उदबत्ती, काडी, सिगारेट काहीच नको.

बुचं असलेली जुन्या पद्धतीची बॅटरी असेल तर वरच्या आणि खालच्या खुणेमध्ये पाणी आहे का बघा. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं पाणी नको, ॲसिड तर मुळीच नको. सीलबंद बॅटरीचं झाकण उचकटू नका.

सातवी पायरी: योग्य बॅटरी निवडा

जुन्या बॅटरीचा फोटो काढून दुकानात जा. व्होल्ट, एएच, लांबी-रुंदी-उंची आणि प्लस कोणत्या बाजूला आहे, या चार गोष्टी जुळायला हव्यात. प्लसची बाजू चुकली तर वायर ताणून बसवावी लागते आणि ती पुढे घासून तुटते.

बॅटरीवरची उत्पादनाची तारीख दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा. वर्षभर फळीवर पडलेली सीलबंद बॅटरी नवी म्हणू नये. कोरडी येणारी बॅटरी दुकानातच ॲसिड भरून देतात. तिला थोडा वेळ मुरू देऊन पहिलं पूर्ण चार्जिंग करूनच घ्या. ॲसिड ओतून लगेच बसवलेली बॅटरी पुढे कधीच पूर्ण ताकदीने चालत नाही.

हलकी लिथियम बॅटरी मिळते, पण आपल्या गाडीचं आरआर युनिट तिला चालतं याची खात्री नसेल तर घेऊ नका. वॉरंटी कार्डावर तारीख, बॅटरीचा क्रमांक आणि शिक्का तिथेच घ्या.

आठवी पायरी: काढणं आणि बसवणं

किल्ली बंद. आधी मायनस काढा, मग प्लस. कारण गाडीची सगळी चासी मायनसला जोडलेली असते. मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना चासीला टेकला, तर भडका उडतो. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा.

वायरींच्या टोकांवर भुकटी असेल तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासा, पुसून कोरडी करा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. ॲसिड अंगाला किंवा डोळ्यांना लागलं तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांचं असेल तर धुऊन डॉक्टरांकडेच जा.

बसवताना क्रम उलटा. आधी प्लस, मग मायनस. चौकोनी नट खाली घसरतो आणि हाताला येत नाही. त्याच्याखाली कागदाची छोटी घडी सरकवली की तो बोल्टला आपोआप मिळतो. नट घट्ट बसल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या आणि प्लसची रबरी टोपी लावा. बॅटरीचा पट्टा विसरू नका. सैल बॅटरी खड्ड्यांत आदळून आतून तुटते.

शेवटी तिसरी आणि चौथी पायरी पुन्हा करा आणि दोन्ही आकडे वॉरंटी कार्डाच्या मागे तारखेसह लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तुलना करायला हाच कागद उपयोगी पडतो.

पुढची काळजी

बॅटरी झिजते उन्हाळ्यात आणि ते कळतं थंडीत. मे महिन्याच्या उन्हात तिच्या पट्ट्या लवकर झिजतात. डिसेंबरच्या पहाटे घट्ट झालेल्या ऑइलमधून इंजिन फिरवताना तिची ताकद कमी पडते. गाडी सावलीत लावणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

गावी महिनाभर जाणार असाल तर मायनसची वायर काढून ठेवा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, एवढंच. हे जास्त महत्त्वाचं झालं आहे, कारण १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. त्यांचा पेट्रोल पंप विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण उतरली तर ढकलून गाडी सुरू करण्याचा जुना उपाय बहुधा लागू पडत नाही.

जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा माळ्यावर टाकू नका. तिच्यात शिसं आणि आम्ल आहे. दोन्ही माती-पाण्यात गेली तर विष. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार जुनी बॅटरी घेतो आणि नव्या किमतीतून रक्कम वजा करतो. ती रक्कम मागून घ्या.

आणि पुढच्या वेळी कोणी 'बॅटरी गेली' म्हणालं, तर पाकीट काढण्याआधी एकच विचारा: इंजिन चालू असताना आकडा किती येतो? तो दाखवल्याशिवाय नवी बॅटरी बसवू देऊ नका.